शाळेच्या वेळेत मोबाइल मुलांच्या कामाला लागू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना टॅब, स्मार्ट टीव्ही, इंटरॅक्टिव्ह पॅनेल मिळणार अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्या वाचल्या की मला आमच्या शाळेतला प्रोजेक्टर आठवतो. मी सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, खोल्या दोन. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाचा शासन निर्णय जून २०१५ मध्ये निघाला आणि त्यानंतर गावोगाव डिजिटल शाळांसाठी लोकवर्गणी गोळा होऊ लागली. आमच्या पालकांनीही दिली. काहींनी त्यासाठी घरातली नागली (नाचणी) विकली. तो प्रोजेक्टर दोन पावसाळे चालला. तिसऱ्या पावसाळ्यात त्याने ओल धरली, पुढे थकलेल्या बिलापायी शाळेची वीजही तोडली गेली. घेताना सगळ्यांनी हातभार लावला, पण दुरुस्तीचा खर्च कशातून करायचा याला कुणाकडेच उत्तर नव्हते. आज तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवला आहे. “मॅडम, तो पडदा परत कधी लावायचा?” असे पालक अजून विचारतात.

डिजिटल साधने नकोत, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मोबाइलमधल्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरचा. त्याला इंटरनेट लागत नाही, वेगळे प्रशिक्षण लागत नाही. दोन इयत्ता एका खोलीत बसवून शिकवताना एकेका मुलाचे वाचन शेवटपर्यंत ऐकणे होत नाही. म्हणून मी तिसरी-चौथीच्या मुलांना आळीपाळीने मोबाइल देऊन व्हरांड्यात बसवू लागले. मूल एक उतारा वाचते, रेकॉर्ड करते आणि मी तो रात्री घरी शांतपणे ऐकते. तिसरीतली एक मुलगी वर्गात नेहमी अडखळायची. मी तिला कच्ची समजत होते. रेकॉर्डिंग दोनदा ऐकल्यावर कळले की तिला अक्षरे सगळी येतात. ती फक्त जोडाक्षराआधी थांबते आणि मागून कोणी हसले की पुढचे वाक्य गिळते. एकटीने वाचलेला तिचा उतारा बराच सरळ होता. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचाच आवाज ऐकला आणि “पुसा, परत वाचते” म्हणाली. त्या उताऱ्यासाठी तिने चार वेळा हट्ट केला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत वाचनासाठी असा हट्ट करणारे मूल मी क्वचितच पाहिले आहे.

आमच्या मुलांच्या घरची बोली कोकणा. पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठी जवळजवळ नवीच असते. म्हणून पाड्यावरच्या एका आजींकडून मी राब भाजण्यापासून (म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळण्यापासून) भातलावणीपर्यंतचे सगळे सांगणे त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून घेतले आणि वर्गात ऐकवले. प्रवेश घेतल्यापासून तोंड न उघडलेला एक मुलगा त्या आवाजाने एकदम बोलता झाला. आपल्या घरी राब कुठे आहे ते हातवारे करून सांगू लागला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याची वाट परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवली. पुढे २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारी ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ आले आणि त्यातले काही व्हिडिओ खरोखर चांगले आहेत. पण त्यातली भाषा आमच्या पहिलीच्या मुलांच्या कानावरून निघून जाते. आदिवासी बोलींतले असे सांगणे त्या कोडमागे असते तर!

दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी घरे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून मुलांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिले जाते, पण नव्या ठिकाणी मूल शाळेत पोहोचतेच असे नाही. संध्याकाळी मी बापाच्या मोबाइलवर मुलासाठी दोन मिनिटांचा निरोप पाठवते, एक गोष्ट आणि एक तोंडी गणित. उत्तर कधी लगेच येते, कधी चार दिवसांनी येते. पण होळीला परतलेले मूल शाळेला परके झालेले नसते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात एका बुधवारी वाचनाचा तास रंगात आला होता आणि शिक्षकांच्या मोबाइल ग्रुपवर ऑनलाइन माहिती भरण्याचा संदेश आला, ‘सदर लिंक १२ पर्यंत भरावी, अन्यथा खुलासा द्यावा.’ आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर मिळते. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाच्या हातून मोबाइल घेऊन मी तिकडे गेले. लिंकमध्ये विचारलेली माहिती तीच होती, जी मी पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या पोर्टलवर भरली होती. परत येईपर्यंत मुलगा पुस्तक मिटून बसला होता. रोजची हजेरी, पोषण आहाराची नोंद, उपक्रमांचे फोटो, आधारच्या दुरुस्त्या हे सारे त्याच एका मोबाइलवर आणि त्याच वेळेत. उपक्रम पंधरा मिनिटांचा असला तर फोटो नीट यावा म्हणून त्यातली पाच मिनिटे मुलांना ओळीत उभे करण्यात जातात. याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. लिंक भरणे हे काम म्हणून कुणी मोजतच नाही, पण वेळ मुलांचाच जातो. माहिती शासनाला लागणारच, ती द्यायला आमची ना नाही. मात्र एकदा भरलेली माहिती पुन्हा मागू नये. शाळेच्या वेळेत लिंकची मुदत ठेवू नये. आणि नवे पॅनेल शाळेत उतरवण्याआधी वीजबिल आणि दुरुस्तीची तरतूद त्यासोबतच करावी, एवढी कळकळीची विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

हे पत्र रविवारी लिहीत आहे. चौथीच्या दोन मुलांची रेकॉर्डिंग अजून ऐकायची राहिली आहेत.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. सुरगाणा, जि. नाशिक