पोर्ट नव्हे, आधी वॅट मोज

जळगाव,
दि. १४ मे

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सावद्याच्या केळी पिकवणी केंद्राचा नकाशा आणि कॅमेऱ्यांची यादी मिळाली. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ प्लग काढून वेगळा अडॅप्टर लावण्याचा तुझ्या वायरमनचा बेत मला मुळीच पटलेला नाही. ओलसर चेंबरच्या भिंतींवर जागोजागी २३० व्होल्ट खेळवण्यापेक्षा नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच, म्हणजे सारी उपकरणे नेटवर्कला जोडणारी पेटी, घे. परंतु तो पोर्ट, म्हणजे केबल जोडायच्या खाचा, मोजून नव्हे, वॅट मोजून घे.

चुकून लॅपटॉप जोडला तर तो जळेल, ही वायरमनची भीती प्रमाणित स्विचच्या बाबतीत निराधार आहे. असा स्विच आधी जेमतेम दहा व्होल्टपर्यंतच्या दाबाने चाचपणी करतो, समोर पीओई उपकरणाची खूण असलेला सुमारे २५ किलोओहमचा रोध सापडला तरच ४८ व्होल्टच्या घरातील वीज सोडतो, आणि उपकरण काढताच ती बंद करतो. मात्र काही वायरलेस रेडिओंसोबत येणारे २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज घालणारे डबे, काही न तपासता वीज सोडतात. त्यांची केबल दुसऱ्या कशालाही जोडू देऊ नकोस.

आता खरा मुद्दा. २००३ च्या ८०२.३एएफ या मानकानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट देतो, पण उपकरणाच्या पदरात १२.९५ वॅटचीच हमी असते, कारण उरलेली वीज शंभर मीटरच्या तारेत उष्णता होऊन जाते असे धरलेले आहे. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ झाले, तर २०१८ च्या ८०२.३बीटीने केबलमधील तारांच्या चारही जोड्या वापरून ९० वॅटपर्यंत मजल मारली. तुझ्या फाटकावरच्या फिरत्या कॅमेऱ्याला २५ वॅट लागतात, म्हणजे तिथे एटीखेरीज भागणार नाही.

तुझी उपकरणे आठ आणि दुकानदाराने सुचवलेल्या स्विचचे पीओई पोर्टही आठ, म्हणून तो तुला नेमका वाटला असेल. पण त्याची एकूण क्षमता ६५ वॅट आहे. दिवसा सहा स्थिर कॅमेरे प्रत्येकी पाच वॅटवर चालतील, आणि फिरता कॅमेरा व वायफाय पूर्ण भारावर नसतील तोवर सारे सुरळीत दिसेल. अंधार पडताच त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागून तीच मागणी प्रत्येकी दहा वॅटवर जाईल, आणि फिरत्या कॅमेऱ्याचे २५ व वायफायचे १५ मिळवले की बेरीज शंभरावर पोहोचेल. मग स्विच ज्या पोर्टचा प्राधान्यक्रम खालचा असेल तो बंद करील, आणि नेमक्या रात्रीच्या वेळी, ट्रक भरले जात असताना, एखादा कॅमेरा आंधळा होईल. काही स्विच तर प्रत्यक्ष वापर न पाहता उपकरणाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे मानकातील कमाल आकड्याप्रमाणे, वीज राखून ठेवतात. त्या हिशोबाने सहा वेळा १५.४ आणि दोन वेळा ३० मिळून १५२.४ वॅट होतात. म्हणून १८० वॅटच्या खाली उतरू नकोस.

केबलच्या बाबतीत काटकसर करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो, म्हणजे त्याच प्रमाणात अधिक वीज तारेत वाया जाते आणि तार तापते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो आणि पत्र्याखालून गेलेला केबलचा जुडगा त्याहून अधिक तापतो, तेव्हा हा फरक कागदावर राहत नाही. दुकानातच तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहा: लाल कातडीखाली पांढरा धातू दिसला तर ते बंडल परत कर.

स्विच शेडमध्ये किंवा चेंबरजवळ न ठेवता ऑफिसात, हवा खेळती राहील अशा जागी बसव. फाटक शंभर मीटरच्या पलीकडे असेल तर तिथवर फायबर ने आणि तिकडे छोटा वेगळा स्विच ठेव. उघड्यावरून दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नेली तर पावसाळ्यातली वीज तिच्यावाटे आत शिरू शकते. या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ असा, की लोडशेडिंगच्या वेळी एकच इन्व्हर्टर पुरतो. रेकॉर्डर आणि स्विचचा स्वतःचा वापर धरून भार दीडशे वॅटच्या आसपास असेल, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी तो सात-आठ तास सहज ओढील. फाटकावरच्या स्विचची सोय तेवढी वेगळी करावी लागेल.

वायफायच्या उपकरणाचा नेमका मॉडेल क्रमांक तुझ्या यादीत नाही, तो लगेच कळव. त्यावर शेवटची बेरीज ठरेल, आणि तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल