घरातील अलार्मची बॅटरी बदलण्याआधी तिचे चार्जिंग मोजा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुटी लागली किंवा दिवाळी जवळ आली की घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी, याच्या पोलिसांनी केलेल्या सूचना आपल्या दैनिकात छापून येतात. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, शेजाऱ्यांना सांगून जावे, शक्य असल्यास कॅमेरे आणि अलार्म बसवावेत, असे त्यांत असते आणि ते योग्यच आहे. त्या सूचनांमध्ये एका वाक्याची भर पडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. अलार्म असेल तर त्याच्या पेटीतली बॅटरी खरोखर चार्ज होते आहे का, हे मीटर लावून पाहावे आणि मगच घराला कुलूप घालावे. नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत देखभालीचे काम करून मी निवृत्त झालो आहे, आणि पुढे जे लिहीत आहे ते शेजारच्या घरात स्वतःच्या हातांनी मोजलेले आहे.

गेल्या मे महिन्यात इंदिरानगरमधील आमच्या रो-हाऊसच्या ओळीत, माझ्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी चोरी झाली. सर आणि बाई मुलाकडे पुण्याला गेले होते. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारे सुटले आणि रात्री नऊच्या सुमारास गेलेली वीज पहाटेपर्यंत आली नाही. चोरट्यांनी मागच्या दाराचा कडी-कोयंडा तोडून देवघरातली चांदीची भांडी आणि कपाटातली रोकड नेली. घरात अलार्म होता. दोन्ही दारांना सेन्सर, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा सेन्सर आणि गॅलरीत हूटर, म्हणजे भोंगा, होता. तो हूटर वाजला हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण मी तो ऐकला. मात्र दोन-तीन सेकंद घोगरा, कण्हल्यासारखा आवाज येऊन तो बंद पडला, आणि पावसात कुठला तरी पत्रा हलला असेल असे समजून मी कूस बदलली. ही गोष्ट मला आजही डाचते.

सर परत आल्यावर कळले की पॅनेलवरचा (अलार्म चालवणाऱ्या मुख्य यंत्रावरचा) बॅटरी कमी असल्याचा पिवळा दिवा फेब्रुवारीपासून अधूनमधून लागत होता आणि ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांच्या माणसाने आठ महिन्यांत दोनदा बॅटरी बदलून दिली होती. पहिल्या वेळी ‘बॅटरी जुनी झाली’ असे कारण सांगितले, दुसऱ्या वेळी ‘सर, मागची डुप्लिकेट निघाली, आता चांगली टाकतो’ असे. दोन्ही वेळा त्याच्याकडे मीटर नव्हता. नवी बॅटरी दुकानातून बऱ्यापैकी चार्ज होऊन येते, त्यामुळे ती बसवली की दिवा विझतो, हूटर जोरात वाजून दाखवतो आणि घरमालकाचे समाधान होते. दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि काही आठवड्यांनी तोच दिवा पुन्हा लागतो.

या पेट्यांमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्लाची बॅटरी असते. तिच्यात सहा सेल असतात आणि ती भरलेली राहावी म्हणून पॅनेलने तिला सतत सुमारे १३.५ ते १३.८ व्होल्ट द्यायचे असतात. भरलेली बॅटरी सोडवून काही तास नुसती ठेवली तर १२.७ किंवा थोडे अधिक दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. हे आकडे लक्षात ठेवले तर बराचसा शोध घरच्या मल्टिमीटरवर लागतो.

सरांच्या जिन्याखालची ती पत्र्याची पेटी उघडून मी प्रथम वीज चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला. १२.३ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा १२.३, जेव्हा चोवीस तासांत तो आकडा १३.५ च्या वर गेलेला असायला हवा होता. मग बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या आणि पॅनेलकडून येणाऱ्या मोकळ्या वायरींवर मोजले, तर तिथे व्यवस्थित १३.७ व्होल्ट मिळाले. म्हणजे ट्रान्सफॉर्मर (सॉकेटमध्ये बसणारा, घरच्या विजेचा दाब कमी करून पॅनेलला देणारा) ठीक, फ्यूज ठीक, चार्जिंगचे सर्किटही ठीक. (काही पॅनेल बॅटरी जोडलेली नसली की चार्जिंगच देत नाहीत, त्यामुळे मोकळ्या वायरींवर शून्य दिसले म्हणून लगेच पॅनेल बिघडले असे ठरवू नये, बॅटरी जोडून आणि काढून, दोन्ही प्रकारे पाहावे.) पॅनेल देत होते आणि बॅटरीला मिळत नव्हते, तर मधल्या मध्ये जात कुठे होते? टर्मिनलच्या चपट्या क्लिपा निरखून पाहिल्यावर लाल वायरीच्या क्लिपेत आणखी दोन बारीक वायरी पिळून बसवलेल्या दिसल्या. एक पोर्चमधल्या कॅमेऱ्याकडे जात होती आणि दुसरी नंतर बसवलेल्या मोबाइलवर फोन लावणाऱ्या डायलरकडे. कॅमेऱ्याला वेगळा अडॅप्टर लावण्याचा त्रास वाचावा म्हणून ती जोडणी थेट बॅटरीवर केलेली होती.

पुढचा हिशेब शाळेतला आहे. त्या पॅनेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची मर्यादा ३५० मिलीअँपिअर दिलेली आहे. कॅमेरा आणि डायलर मिळून रात्री, कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर, ३३० घेत होते आणि दिवसा २३०. म्हणजे बॅटरीच्या वाट्याला रात्री २० आणि दिवसा १२०, दिवसभरात जेमतेम १.७ अँपिअर-तास. वीज गेली की कॅमेरा, डायलर, पॅनेल, किपॅड आणि सेन्सर मिळून अर्ध्या अँपिअरपेक्षा थोडी अधिक ओढ लागते. तीन तास वीज गेली तर दिवसभराची कमाई संपते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वादळामुळे किंवा दुरुस्तीमुळे इतका वेळ वीज जाणे नवीन नाही. अशी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि शिसे-आम्लाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर धरतो, जो नंतर कितीही चार्ज केले तरी पूर्ण उतरत नाही. सरांच्या घरच्या दोन्ही बॅटऱ्या अशा मेल्या. त्या नकली नव्हत्या, उपाशी होत्या.

कॅमेऱ्याला आणि डायलरला मी स्वतंत्र पुरवठा दिला आणि तिसरी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी टर्मिनलवर १३.७ व्होल्ट होते. पूर्ण रिकाम्या बॅटरीला ३५० मिलीअँपिअरने भरायला हिशेबाने वीस तास आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतात, कारण भरत आल्यावर ती कमी प्रवाह घेते. त्यामुळे मोठा खंड पडल्यानंतर निदान एक दिवस तरी पिवळा दिवा राहिला तर घाबरण्याचे कारण नाही. दोन दिवसांनंतरही राहिला तर मात्र पेटी उघडावी.

उलट प्रकारचा दोष मला पाथर्डी फाट्याजवळच्या एका नातेवाइकांच्या घरी सापडला. तिथे पेटी गच्चीच्या जिन्यात, पश्चिमेच्या भिंतीला होती. दुपारनंतर तो पत्रा हाताला चटका देई. आतली बॅटरी दोन्ही बाजूंनी इतकी फुगलेली होती की ती पेटीतून निघेना, आणि टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली होती. चार्जिंग मोजले तर १४.६ व्होल्ट, तेही अखंड. चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला होता आणि बॅटरी महिनोन्‌महिने आतून शिजत होती. उन्हाची बाब वेगळी सांगण्यासारखी आहे. चार्जिंगचे १३.७ व्होल्ट हे २५ अंश तापमान धरून ठरवलेले असतात. तापमान वाढले तर प्रत्येक अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी द्यावे लागतात, आणि घरगुती वापराच्या साध्या पॅनेलमध्ये ही सोय बहुधा नसते. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा आहे. तीन ते पाच वर्षे चालणारी वस्तू नाशिकच्या उन्हात गच्चीवर ठेवून ती पाच वर्षे टिकेल असे कुणी धरू नये. पेटी घरातल्या थंड, आतल्या भिंतीवरच हवी.

बाकीचे दोष साधे आणि तितकेच नेहमीचे आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटचे बटण झाडू-पोछा करताना बंद होते आणि पॅनेल बॅटरीवर चालू राहिल्याने कुणाच्या ध्यानात येत नाही. ट्रान्सफॉर्मरकडून १६ किंवा १८ व्होल्ट एसी यायला हवेत, पण लांबून ओढलेली बारीक वायर आणि सैल स्क्रू यांमुळे ते वाटेतच कमी होतात. बॅटरीच्या वायरी उलट जोडल्याने फ्यूज उडतो. सोडवून ठेवलेली बॅटरी पूर्ण चार्ज केल्यानंतरही साडेदहा-अकरा व्होल्टच्या आसपासच राहत असेल तर तिचा एक सेल गेलेला आहे, ती बदलण्याला पर्याय नाही.

आता ज्या एका सवयीमुळे चांगली बॅटरीसुद्धा निकामी होते, तिच्याविषयी कळकळीने लिहितो. गावी जाताना शॉर्टसर्किटच्या भीतीने आपण मेन स्विच बंद करून जातो. घरातले बाकी सारे बंद करावे, पण त्याबरोबर अलार्मचीही वीज जाते. २०० मिलीअँपिअर घेणारे पॅनेल ७ अँपिअर-तासांच्या उत्तम बॅटरीवर फार तर ३५ तास चालेल. शनिवारी सकाळी निघालेल्या माणसाचे घर रविवारी रात्री उघडे पडते, आणि आठ-दहा दिवसांनी परतेपर्यंत तळाला गेलेली बॅटरी बहुधा कायमची खराब झालेली असते. वायरमनला सांगून अलार्मसाठी स्वतंत्र एमसीबी (छोटा स्वयंचलित स्विच) बसवून घ्यावी आणि तेवढीच चालू ठेवावी. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनीही ट्रान्सफॉर्मरचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे पाहावे; अनेक घरांत ते नसते. आणि वीज केवळ वादळाने जाते असेही नाही. कित्येक इमारतींमध्ये मीटरचा बोर्ड जिन्याखाली उघडा असतो आणि मेन स्विच खाली करायला कुणालाही एक क्षण पुरतो.

ज्यांना मीटर वापरता येत नाही त्यांनी निदान एक चाचणी करावी. शेजाऱ्यांना आधी सांगून, दिवसा, ट्रान्सफॉर्मरचे बटण बंद करावे, अर्ध्या तासाने अलार्म लावून दार उघडावे आणि हूटर पाच मिनिटे वाजू द्यावा. आवाज अखेरपर्यंत खणखणीत राहिला तर बॅटरी निदान त्या दिवसापुरती ठीक. तो घोगरा होत गेला किंवा किपॅड मध्येच विझला तर बॅटरी वा चार्जिंग तपासणे आवश्यक आहे. पेटी उघडायची झाली तर आधी ट्रान्सफॉर्मर सॉकेटमधून काढावा, आणि बॅटरीची दोन टर्मिनले पकड किंवा पान्ह्याने चुकूनही एकमेकांना जोडली जाऊ देऊ नयेत. इतक्या लहान बॅटरीतूनही वायर लाल होण्याइतका प्रवाह येतो. निकामी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती वेगळी ठेवून संकलनासाठी किंवा पुनर्प्रक्रियेसाठीच द्यायची असते, आणि नवी घेताना विक्रेते जुनी परत घेतात.

अलार्म बसवून देणाऱ्या शहरातील व्यावसायिकांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रत्येक भेटीत मीटर सोबत ठेवावा आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर बॅटरी बसवल्याची तारीख, मोकळ्या वायरींवरचे चार्जिंग, बॅटरी जोडल्यावरचे चार्जिंग आणि हूटर वाजत असतानाचे व्होल्ट, असे चार आकडे सहीसह लिहावेत. ग्राहकांनीही तो कागद पाहिल्याशिवाय वार्षिक देखभालीचे पैसे देऊ नयेत. सरांच्या पेटीत असा कागद मी स्वतः लावला आहे. त्यावर आतापर्यंत तीन नोंदी झाल्या असून तिन्ही वेळा चार्जिंग १३.७ आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक