25 सिगार आणि 75 हजारांची मर्यादा

महोदय,

परदेशातून येताना सिगार किती आणता येतात, असं कुणालाही विचारा, '25' हेच उत्तर मिळतं. ते चूक नाही. पण तेवढ्याच भरवशावर ग्रीन चॅनलमधून, म्हणजे शुल्क लागेल असं काही नसणाऱ्यांच्या वाटेने, निघालेला प्रवासी अडकू शकतो. सिगारला दोन मर्यादा लागतात, एक नगांची आणि दुसरी किमतीची. दुसरीबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

आधी नगांचं बघू. बॅगेज नियमांनुसार एका प्रवाशाला 100 सिगारेटी किंवा 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू आणता येते. यातला 'किंवा' महत्त्वाचा. सिगारेटींचं पाकीटबंद खोकं आणि वर सिगारची पेटी, असं दोन्ही सवलतीत बसत नाही. सिगारची मोजणी नगावर होते, वजनावर नाही. मोंतेक्रिस्तो नंबर 4 या क्यूबन सिगारची मोठी पेटी बरोबर 25 ची असते, त्यामुळे पेटी घेतलीत आणि विमानतळावर सुटा एक सिगार आवडला म्हणून खिशात टाकलात, की 26 झाले. मुंबईला उतरल्यावर आगमन कक्षातल्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेलेही याच 25 मध्ये धरले जातात.

आता किंमत. फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या बॅगेज नियमांत शुल्कमुक्त सामानाची मर्यादा 50 हजारांवरून 75 हजार रुपये झाली. ती भारतात राहणाऱ्यांना आहे, तशीच परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या मूळ भारतीयांनाही. 25 च्या आतल्या सिगारची किंमत याच 75 हजारांत मोजली जाते आणि बॅगेतले परफ्यूम, घड्याळ, पोरांची खेळणी हेही त्याच हिशेबात येतात. 4 हजारांचा एक याप्रमाणे 25 सिगार आणले तर झाले 1 लाख. संख्या नियमात बसली, तरी 25 हजारांवर शुल्क आहेच. बॅगेजचा सवलतीचा दर 35 टक्के आणि त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार धरला तर 9,625 रुपये भरावे लागतील. क्यूबाच्या कोहिबासारख्या सिगारच्या किमती 2022 पासून इतक्या चढल्या आहेत की 10 ची पेटीसुद्धा ही मर्यादा ओलांडू शकते.

25 च्या वरच्या नगांचा मामला आणखी कडक. 2016 च्या 26 क्रमांकाच्या अधिसूचनेने 35 टक्क्यांचा दर दिला, पण मर्यादेबाहेरचे सिगार, सिगारेटी आणि तंबाखू त्यातून वगळले. त्यांना मूळ 100 टक्के दर लागतो आणि अधिभार वेगळा. 2 हजारांचा एक असे 50 सिगार एकट्याने आणले, तर वरच्या 25 सिगारच्या 50 हजारांवर 55 हजार शुल्क! म्हणजे परदेशात एक पेटी घेतली आणि मुंबईत तिच्यापेक्षा जास्त पैसे मोजून तीच पुन्हा विकत घेतली.

इथे हमखास एक युक्तिवाद येतो: 'आम्ही दोघं आहोत, 50 चालतील.' नवरा-बायको दोघांनी आपापले 25 आणले तर ते चालतील, पण एकाची किमतीची सवलत दुसऱ्याच्या सामानाला जोडता येत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. दीड लाखाची एकच पेटी 'आमच्या दोघांची' म्हणून शुल्काविना सुटत नाही. म्हणून पेट्या वेगवेगळ्या घ्याव्यात, बिलं ज्याच्या त्याच्या नावाची असावीत, आणि ज्याचा माल त्याच्याच बॅगेत असावा. तान्ह्या मुलाच्या नावावर काहीच आणता येत नाही, त्याला फक्त त्याच्या वापरलेल्या वस्तूंची सवलत असते.

माल जास्त असेल तर रेड चॅनलला, म्हणजे शुल्क भरणाऱ्यांच्या वाटेने, जावं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पासपोर्ट आणि बिल दाखवायचं, अधिकारी हिशेब करतात, शुल्क भरायचं, पावती घ्यायची, बाहेर पडायचं. ग्रीन चॅनलमधून जाणं म्हणजे 'माझ्याकडे शुल्कपात्र काही नाही' असं सांगणंच. मग मशीनवर पेटी दिसली की प्रकरण जप्ती आणि दंडापर्यंत जातं. माल सोडवून घ्यायचा तर त्यासाठीचा दंड आणि शुल्क दोन्ही भरावे लागतात. पेटी फोडून सिगार मोज्यांत आणि शर्टांच्या घड्यांत पसरवणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. एक्स-रेमध्ये तो आकार लपत नाही, उलट लपवण्याचा हेतू मात्र उघड होतो. शिवाय पेटी आणि बिल हाती नसेल, तर किंमत ठरवायला अधिकारी इंटरनेटवरचे दर बघू शकतात. हवानाच्या रस्त्यावर स्वस्तात घेतलेला बनावट कोहिबासुद्धा मग खऱ्याच्या भावाने धरला जाण्याचा धोका असतो.

महिना-दोन महिन्यांसाठी घरी येणाऱ्यांसाठी सीमाशुल्क कायद्याचं कलम 80 कामाचं आहे. सामान खरं-खरं जाहीर केलं असेल, तर जास्तीचा माल कस्टम्सच्या ताब्यात ठेवून देश सोडताना परत मागता येतो. पावती जपावी. जाहीर न केलेल्या मालाला ही सोय नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींची एक चूक वारंवार होते. सुट्टीहून परतताना दुबईत क्यूबन पेटी घ्यायची आणि नेवार्कला उतरायचं. 24 सप्टेंबर 2020 पासून क्यूबाचे सिगार प्रवाशाच्या सामानातूनही अमेरिकेत नेता येत नाहीत, मग ते कोणत्याही देशात घेतलेले असोत. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी तिथल्या इमिग्रेशन आणि कस्टम्समधून जावंच लागतं. त्यामुळे मेक्सिकोतल्या कान्कूनहून नेवार्कमार्गे मुंबईला येणाऱ्याची पेटी वाटेतच जाऊ शकते. त्यात गोंधळ असा की कोहिबा, मोंतेक्रिस्तो, पार्तागास ही नावं क्यूबाबाहेर, मुख्यतः डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बनणाऱ्या सिगारवरही असतात आणि तेवढे मात्र चालतात. सिगारच्या कागदी पट्टीवर 'हबाना' लिहिलेलं आहे का, पेटीवर 'हेचो एन कूबा' (क्यूबात बनलेलं) असा छाप आहे का, हे घेतानाच पाहावं.

सिगार हातातल्या बॅगेत आणावेत, पण विमानाच्या केबिनची हवा फार कोरडी असते. झिपच्या पिशवीत 65 किंवा 69 टक्के आर्द्रता टिकवणारं पाकीट घालून ठेवलं की वरचं पान तडकत नाही. सिगारचं टोक कापायचा कटर चेक-इन बॅगेत टाकावा. निळ्या ज्योतीचा जेट लायटर मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही, तो तिथेच सोडून यावा. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पेटीवर बुरशी येते आणि 25 अंशांच्या वर तंबाखूचा किडा अंडी फोडून बाहेर पडतो. पानांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली की समजावं. हवाबंद पिशवीतून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवल्यास किड्याचा बंदोबस्त होतो.

जाता जाता: ई-सिगारेट आणि व्हेप यांच्या आयातीवर 2019 च्या कायद्याने संपूर्ण बंदी आहे. एखादाच नग असला तरी सवलत नाही, आणि शुल्क भरून तो सोडवताही येत नाही.

मुंबई, पुणे आणि गोव्याच्या विमानतळांवर सामानाच्या पट्ट्यांजवळ 25 नग, 75 हजार रुपये आणि सवलत जोडता येत नाही, एवढ्या तीन गोष्टी मराठीत ठळक लिहिलेला फलक लावावा, अशी सीमाशुल्क विभागाला विनंती. तोच मजकूर आगमन कक्षातल्या ड्यूटी फ्रीच्या काउंटरवरही असावा. शेवटचा सिगार बहुतेक वेळा तिथेच घेतला जातो.

— एक निवृत्त कस्टम हाऊस एजंट, डोंबिवली