वाटीभर आमटीत डाळ किती?

महोदय,

गिरगावात ठाकूरद्वारजवळ गेली 24 वर्षं मी पोळीभाजी केंद्र चालवते. दोन वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला. लेकीने मोबाइलवर रोजचं जेवण नोंदवायचं अ‍ॅप टाकून दिलं आणि साखर तपासायचं यंत्र आणलं. अ‍ॅपमध्ये ‘डाळ, एक वाटी’ लिहिलं की नऊ ग्रॅम प्रथिने दिसायची. मला ते पटेना. आमटी मी करते, तिच्यात डाळ किती पडते ते मला ठाऊक आहे.

एका दुपारी वजनकाटा घेऊन बसले. 300 ग्रॅम तूरडाळीच्या आमटीच्या 20 वाट्या भरल्या. म्हणजे वाटीला 15 ग्रॅम डाळ. 100 ग्रॅम तूरडाळीत 21-22 ग्रॅम प्रथिने धरली, तर वाटीत जेमतेम तीन! मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. माझं वजन 62 किलो, म्हणजे मला 51 ग्रॅम हवीत. इतकी वर्षं डबा नेणाऱ्या मुलांना ‘आमटी आहे ना, मग पोषण झालं’ असं मी सांगत आले, याचं फार वाईट वाटलं. आता आमटी दाट करते आणि आठवड्यातून तीनदा मटकीची नाहीतर छोल्यांची उसळ देते. त्यासाठी डब्यामागे चार रुपये वाढवले, कुणी कुरकुर केली नाही.

यंत्राची किंमत कळली ती पोह्यांमुळे. बशीभर कांदेपोहे आणि गोड चहा घेतल्यावर दोन तासांनी साखर 214. पोहे सोडायचे नव्हते. मग ते निम्मे घेतले, त्यात मोडाची मटकी आणि दाणे घातले, चहा बिनसाखरेचा केला आणि खाऊन चौपाटीपर्यंत चालत जाऊन आले. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. त्या दिवशी 161. आणखी चार सकाळी तसंच केलं, आकडा 170 च्या वर गेला नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच चालू आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केले. फार मोलाचं काम आहे ते. पण ते कच्च्या जिनसांचे, 100 ग्रॅमच्या हिशेबाने. आमच्या ताटात पडते ती भाकरी, पळीभर भाजी, वाटीभर कढी. मधला हिशेब घरच्या बाईने करायचा कसा?

अ‍ॅप बनवणाऱ्या मराठी मुलांनी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चार दिवस काट्यासह बसावं. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये वाट्या-पळ्यांच्या मापांचा मराठी तक्ता भिंतीवर लावावा. आणि आपल्या वृत्तपत्रात पाककृती छापताना ‘डाळ अंदाजे’ न लिहिता किती ग्रॅम आणि त्यात किती वाट्या होतात, हे द्यावं, ही कळकळीची विनंती.

माझ्या वहीत 12 भाज्या आणि 4 उसळींची मापं लिहून ठेवली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी दुपारी तीननंतर केंद्रावर यावं, तेव्हा मी मोकळी असते.

– एक पोळीभाजी केंद्रचालिका, गिरगाव, मुंबई