पोटपट्ट्याने लघवीची गळती थांबत नाही

महोदय,
बाळंतिणीची शिंकताना, खोकताना लघवी गळते आणि घरात चर्चा मात्र पोटपट्ट्याची! करकचून बांधलेल्या पट्ट्याने पोटातला दाब उलट खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. सिझेरियन झालेल्याही या गळतीतून सुटत नाहीत. नऊ महिने भार याच स्नायूंनी पेललेला असतो.

गळती थांबवायची तर वात (गॅस) आणि लघवी एकदम रोखल्यासारखे हे स्नायू आत, वर ओढावेत. सुरुवातीला 3 सेकंदही पुरे, पुढे 10 पर्यंत जावे. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. हेच नेमके राहून जाते. असे 8-10 वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखला किंवा खाली जोर दिला, तर फायदा सोडाच, त्रास वाढतो. लघवीची धार अडवून सराव करू नये. 3 महिन्यांनंतरही गळती असेल, तर यातल्या प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे.

– एक फिजिओथेरपिस्ट, पुणे