बाबा, तुमच्या अस्वलाचं इथं गाणं झालंय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

व्हिडिओ कॉलवर बाबांचा एक डोळा क्रिकेटवर असतो आणि आईला फक्त ईराचं तोंड बघायचं असतं, म्हणून हे पत्र. विषय तसा पोरकट आहे. डिस्नेचं ‘जंगल बुक’, 1967चं, कार्टूनवालं. गेल्या रविवारी ईराला दाखवलं आणि तेव्हापासून माझं मनातल्या मनात बाबांशी भांडण चालू आहे.

आठवतं का, फॉरेस्टच्या क्वार्टरमध्ये आम्ही भाड्याची कॅसेट आणून हेच बघत होतो. तुम्ही जंगलातल्या बीटवरची गस्त संपवून आलात, बूट न काढता दारातच उभे राहिलात, दहा मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, “असं राह्यते का जंगल? अस्वल पोराले पोटावर घेऊन पोहून राह्यलं म्हणे!” आणि हात धुवायला गेलात. दूरदर्शनवरचं जपानी ‘जंगल बुक’ मात्र तुम्हाला चालायचं, कारण त्यातल्या शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता. तुमचा निकाल तेव्हा मी मान्य केला होता. आता पूर्ण करत नाही.

इथं जर्मनीत हा सिनेमा म्हणजे आपल्याकडचा ‘शोले’. 1968च्या डिसेंबरात लागला आणि आजवर त्याची 2 कोटी 70 लाखांच्या वर तिकिटं गेली. इतकी या देशात दुसऱ्या कुठल्याच सिनेमाची गेली नाहीत. ऑफिसात ‘नागपूरची’ म्हटलं की समोरचा चेहरा कोरा राहतो. ‘मोगलीच्या जंगलाजवळची’ म्हटलं की आमचे पन्नाशीचे साहेब खुर्चीत बसल्या बसल्या खांदे घुसळत बलूचं गाणं म्हणायला लागतात. त्या गाण्यात एक शब्द आहे, गेम्यूटलिशकाइट. म्हणजे घरात दिवा लागलाय, हातात कप आहे, कुणाला कसली घाई नाही, असा निवांतपणा. तर बाबा, या लोकांनी निवांतपणाचं दैवत म्हणून अस्वल निवडलंय. तुमचं अस्वल.

मी त्यांना काय सांगू? देवलापारकडचा तो मामा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पहाटे मोहफुलं वेचायला गेला होता. टोपली तशीच राहिली आणि चेहऱ्याची डावी बाजू गेली. आपल्याकडे चहा प्यायला बसला की तो उजव्या अंगानं भिंतीला टेकून बसायचा. “वाघ माणूस पाह्यला का निघून जाते, अस्वल अंगावर येते,” हे तुम्ही शंभरदा सांगितलंय. त्याला धड दिसत नाही, खाली मान घालून वारूळ उकरण्यात गुंग असतं, आणि माणूस एकदम जवळ आला की घाबरून तेच आधी झडप घालतं. उन्हाळ्यात मोह त्यालाही हवा असतो आणि गावालाही.

पण जरा नीट बघा ना. सिनेमातला बलू झाडाला पाठ घासतो, ते खोटं आहे का? दगड उलटून मुंग्या खा म्हणतो, तेही खोटं नाही. वारुळातली वाळवी ओढताना अस्वल कसा आवाज करतं ते तुम्ही बाजेवर बसून करून दाखवायचात आणि आई म्हणायची, पुरे झालं, पोरगी जेवते आहे. तुमच्या नावडत्या अस्वलाला शंभरातले तीस मार्क तरी द्या.

बाकी जंगल चुकलंय ते का, हे मला आता कळलं. किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 साली. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. पण ही गोष्ट त्यानं लिहिली अमेरिकेत, व्हर्माँटच्या बर्फात बसून. गोष्टीतलं मध्य प्रदेशातल्या सिवनीचं जंगल त्यानं वाचून-ऐकून उभं केलं. पुढे वॉल्ट डिस्नेनं पटकथा लिहिणाऱ्याच्या हातात ते पुस्तक दिलं आणि वर सांगितलं, हे वाचू नका! म्हणजे न बघता लिहिलेल्या जंगलाचा न वाचता काढलेला सिनेमा. माकडांचा राजा ओरांगउटान आहे, तो त्यातूनच आला. त्याचं घर बोर्निओ-सुमात्रात. पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही, तेच तर त्यांचं दुखणं. इथं तुम्ही जिंकलात. बघिरासारख्या काळ्या बिबट्याबद्दल मात्र हरलात. “आपल्याकडे कुठला काळा बिबट,” म्हणायचात. 2018 मध्ये ताडोबात दिसलाच की नाही?

आई, तुझ्यासाठी एक गंमत. पुस्तकात जी नदी आहे ती वैनगंगा. नावानिशी. तुझ्या पवनीच्या घाटावरून जाते तीच, सिवनीतून निघून आलेली. इथल्या बायकांना मी सांगते, माझी आई मोगलीच्या नदीत पोहायला शिकली, तर त्यांना वाटतं मी थापा मारते.

शेरखानाबद्दल मला तुमचं मत खरंच हवंय. अठ्ठ्याहत्तर मिनिटांच्या सिनेमात तो फार उशिरा येतो. गवतात दबून हरणाकडे सरकत असतो, आणि चालताना खांद्याची हाडं आळीपाळीनं कातडीखालून वर येतात. मिल्ट काल नावाच्या चित्रकारानं काढलाय. मी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन बघितला. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला तुम्ही मला एकदाच मचाणावर नेलं होतं, तेव्हा पाणवठ्यावर आलेला वाघ असाच चालत होता. मी श्वास धरून बसले होते आणि तुम्ही माझ्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत होतात. सिनेमात पुढे हत्तींची कवायत दणदणत येते आणि शिकार फुकट जाते. सफारीच्या जिप्सीवाल्यांवर तुम्ही ज्या शब्दांत बोलता, ते शेरखानाच्या तोंडी शोभले असते. तो मात्र फार सभ्य आहे, नुसतं तोंड वाकडं करतो.

चार गिधाडं आहेत. बीटल्ससारखे केस, फांदीवर बसून एकमेकांना ‘आता काय करायचं’ विचारत असतात. पूर्वी यांच्यावर मी खूप हसायचे. या वेळी ईरानं विचारलं, हे कुठले पक्षी? माझ्या मुलीनं गिधाड बघितलेलंच नाही. तुम्ही सांगायचात की मेलेला बैल टाकला की दुपारपर्यंत हाडं उरायची. मग गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅकनं गिधाडंच मेली, आणि 2006 मध्ये त्या औषधावर बंदी आली तोवर झाडं रिकामी झाली होती. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून काही गिधाडं पेंचला आणली, त्यांचं पुढे काय झालं ते तुमच्या जुन्या स्टाफला विचारून कळवा.

शेवट मला तेव्हाही आवडला नव्हता, आजही नाही. पाणी भरायला आलेली मुलगी गाते की बाप शिकारीला, आई चुलीशी. मी मोठी झाले की मला नवरा, मुलगी, आणि मग ती पाणी भरेल, मी चुलीशी. मग मुद्दाम भांडं पाडते आणि पोरगा मागे जातो. एवढं जंगल बघून शेवटी हेच? तेव्हा आईनं मात्र दुसरीच चूक काढली होती. “चुंबळ कुठं आहे हिची? पाणी सांडन ना अंगावर.” आई, त्या सिनेमावर मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा तुझं हे वाक्य भारी.

आणि बाबा, रागावू नका. बघिराला सगळ्या सिनेमाभर एकच ध्यास, पोराला गावात पोचवायचं. बलू म्हणतो, राहू दे की इथंच, काय बिघडलं? माझा व्हिसा आला तेव्हा फॉर्म, फोटो, बँकेची फाइल सगळं आईनं केलं. “रामटेकच्या कॉलेजात काय वाईट आहे, पोट्टी घरून डबा घेऊन जाईन,” असं कोण म्हणत होतं? आता तुम्हीच ठरवा तुम्ही कोण. पोहताना मी तुमच्या पोटावर नव्हते, पाठीवर होते, एवढाच फरक.

डिसेंबरात मावशीचा मुलगा इकडे येतोय. त्याच्याकडे आईनं जुन्या लुगड्याची एक चुंबळ द्यावी, ईरा डोक्यावर वाटी ठेवून घरभर फिरते आहे. आणि कपाटावरचा तो प्लास्टरचा ठसा द्या, वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा, कडेला तुमच्या अक्षरात तारीख आहे तो. मोज्यात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको, मागच्या वेळी त्यात फोटोची काच फुटली होती.

तुमची,
पमी