कट-ऑफसोबत विषयगटही छापा

महोदय,

अकरावीची यादी लागली की फर्ग्युसन, स. प. यांच्या कला शाखेचा कट-ऑफ ठळक छापून येतो. पालकही तेवढाच पाहून पसंतीक्रम भरतात. पोर्टलवर आपण फक्त कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडतो. विषय ठरतात ते प्रवेश घ्यायला गेल्यावर, कॉलेजच्या खिडकीवर, रांगेत उभे राहून, आणि तेही त्या कॉलेजने आखलेल्या विषयगटांतूनच. बारावीनंतर दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी बी.ए.ला जायचा विचार असेल, तर अर्धी लढाई त्या खिडकीवरच होते.

हिशेब साधा आहे. बारावी कला म्हणजे इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी आणि चार वैकल्पिक विषय, एकूण 600 गुण. 2025 च्या नियमांनुसार सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, जास्तीत जास्त पाच पेपर निवडता येतात आणि दिल्ली विद्यापीठाला बारावीत शिकलेल्या विषयांचेच पेपर चालतात. इतिहास किंवा राज्यशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा व तीन विषय लागतात. नाहीतर एक भाषा, दोन विषय आणि सामान्य अभियोग्यता चाचणी. आपल्याकडे ‘स्कोअरिंग’ म्हणून तर्कशास्त्र सर्रास घेतले जाते. सीयूईटीत त्याचा पेपरच नाही. तत्त्वज्ञानाचाही नाही. चारांतला एक विषय असा असला तर उरलेल्या तिघांवर कसेबसे भागते. दोन असले की पहिला मार्ग बंद, आणि दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या मुलांना अंकगणित असलेली ती चाचणी द्यावीच लागते. संस्कृतवाल्यांनी लक्षात ठेवावे, की सीयूईटीत संस्कृत तेरा भाषांत नाही, ते इतर विषयांच्या यादीत येते. भाषेचा पेपर मराठीचा दिला तरी चालतो, पण मग इंग्रजी ऑनर्स विसरा. अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताचा पेपर सक्तीचा आहे. कलेच्या विषयगटात गणित बसते का, हे अकरावीलाच विचारून घ्यावे.

दुसरा घोळ पुस्तकांचा. सीयूईटीचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. बालभारतीचे सध्याचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक प्रबोधनकालीन युरोपापासून सुरू होऊन शीतयुद्ध, बदलता भारत इथवर येते. एनसीईआरटीचे हडप्पापासून सुरू होते; सांची, विजयनगर, मुघलकाळातले शेतकरी-जमीनदार असे करत संविधानसभेपर्यंत जाते. वसाहतकाळ आणि स्वातंत्र्यलढा सोडला तर फारसे काही जुळत नाही. म्हणून बोर्डात नव्वद गुण घेणारा मुलगा इथे पहिल्याच पानावर अडतो. पेपर 50 प्रश्नांचा, वेळ 60 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकले तर एक वजा. सविस्तर उत्तरे लिहायची सवय इथे कामाची नाही. एनसीईआरटीची पुस्तके अकरावीच्या दिवाळीपासूनच हाती असावीत, बोर्डाची परीक्षा संपल्यावर उरणाऱ्या दिवसांत ती उरकत नाहीत.

सीयूईटी दिली म्हणजे अर्ज झाला, असेही अनेकजण धरून चालतात. दिल्लीसाठी विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करून कॉलेज आणि अभ्यासक्रमाच्या जोड्या क्रमाने भराव्या लागतात. त्या भरताना कंजुषी करू नये. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर प्रक्रियेतूनच बाहेर. स्वीकारून वरच्या पसंतीसाठी ‘अपग्रेड’ मागता येते. बारावीचे गुण तिथे पात्रतेपुरते आणि बरोबरी झाली तरच पाहतात.

आरक्षणातून जाणाऱ्यांनी दाखल्याकडे आधी पाहावे. राज्याचे नॉन-क्रिमिलेअर तीन वर्षांपर्यंत चालते. दिल्लीला केंद्राच्या नमुन्यातले आणि चालू आर्थिक वर्षातले लागते. जातही केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. आपले व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे प्रवर्ग तिथे त्या नावाने नाहीत. जूनमध्ये सेतूत काय गर्दी असते ते सांगायला नको; एप्रिलमध्येच अर्ज टाकावा.

लवळ्याचे फ्लेम, सोनिपतचे अशोका या खासगी विद्यापीठांची तऱ्हा वेगळी: स्वतःची प्रक्रिया, निबंध, मुलाखत. मुले बहुतेक निबंधावरच घसरतात. ‘मला वाचनाची आणि समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य कोणीही लिहील. त्यापेक्षा तांबट आळीत दोन-चार दुपारी बसून तांब्याच्या भांड्यांना हाताने ठोके घालणाऱ्या कारागिरांचे काम पाहावे, कच्चा माल कुठून येतो, मुले धंद्यात का राहत नाहीत, हे विचारून त्यावर दोन पाने लिहावीत. मुलाखतीत त्यातूनच प्रश्न निघतात आणि उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. क्लासवाल्यांकडून निबंध लिहून आणणे मात्र कटाक्षाने टाळावे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला पितळ उघडे पडते.

आपल्याला विनंती एवढीच, की यंदा कट-ऑफच्या तक्त्यात एक रकाना वाढवून प्रत्येक कॉलेजचे कला शाखेचे विषयगट द्यावेत आणि त्यातल्या कोणत्या विषयांचा पेपर सीयूईटीत आहे त्यावर खूण करावी. कनिष्ठ महाविद्यालयांनीही हाच तक्ता प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावावा, आणि तो मराठीत असावा.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे